पडक्या दाताचा हंगाम

मार्च लागला की माझा उजवा अंगठा मला स्वस्थ बसू देत नाही. तो दुखत नाही, सुजत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मी उभा असतो, मुलं माना खाली घालून लिहीत असतात, वरचा पंखा कुरकुरत असतो, आणि मधेच त्या अंगठ्याला काहीतरी ओलं, ऊन आणि खरखरीत लागल्यासारखं होतं. मी तो पँटला पुसतो. परवा असाच पुसत होतो तर पहिल्या बाकावरच्या मुलीनं दचकून उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी झाकून घेतली. तिला वाटलं, सर चिडलेत. मी तिला काय सांगणार होतो?

बेळगावच्या एका मराठी हायस्कुलात मी बावीस वर्षं शिकवतोय. दर साली एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, पोरं डोळ्यांसमोरून जातात. जूनमध्ये आलेलं पोरगं आणि मार्चमध्ये हॉल तिकीट घेऊन बसलेलं पोरगं एकच आहे असं वाटत नाही. पाय बाकाखालून बाहेर आलेले असतात. ओठावर काजळी धरलेली असते. एखादा पाणी मागायला "सर" म्हणतो तेव्हा त्या एवढ्याशा हाकेत दोन आवाज निघतात, एक जाडा, एक चिरका. सगळा हॉल परीक्षा विसरून हसतो आणि तो बिचारा कानापर्यंत लाल होतो. मी हसत नाही. मला या वयाची काळजी वाटते, आणि ही काळजी मला शाळेत लागलेली नाही. ती गावाकडून आली आहे, गोठ्यातून.

आमचं गाव निपाणीच्या पूर्वेला, चिकोडी रस्त्यापासून आत. थोरला भाऊ अण्णा शेती बघतो. मी शनिवारी-रविवारी जातो. शाळेत मी सर असतो आणि फाट्यावर बसमधून उतरलो की मास्तर होतो.

जनावराचं वय आमच्याकडं दातांवर सांगतात. ते बघायला अण्णानं मला शिकवलं, मी स्वतः विद्यार्थी असताना. डाव्या हातानं नाकपुडी धरायची, मान जरा वर करायची आणि उजवा अंगठा जबड्याच्या कडेनं आत सरकवायचा. तिथं दात नसतात, मोकळी जागा असते. अंगठा आत गेला की जनावर आपोआप तोंड उघडतं. मग खालचा ओठ खाली ओढायचा. समोर आठ दात दिसतात, फक्त खालच्या जबड्यात. दुधाचे असतील तर बारीक, पिवळसर, एकमेकांपासून फटकून उभे. मधले दोन पडतात आणि त्यांच्या जागी दोन रुंद, पांढरे दात येतात. ते आले की खोंड दुसा झालं. मग चौसा, मग सहादाती, आणि सगळे आले की जुळला. त्याच्या आधी, सगळे दुधाचे असेपर्यंत, तो आदत.

आदत, दुसा. शर्यतीच्या माळावर हे दोन गट असतात. आदतनं आदतबरोबर पळायचं, दुसानं दुसाबरोबर. आपल्याहून तयार जनावराच्या जोडीला कच्च्या जनावराला बांधू नये म्हणून कुणी शहाण्या माणसानं कधीतरी हे ठरवलं असणार.

पण मधल्या दिवसांचं काय? दुधाचा दात पडलाय आणि नवा अजून आलेला नाही, अशा खोंडाचं? पुष्कळ गावांत त्याला सरळ दुसात घालतात. आमच्या गावात जुना रिवाज वेगळा. पडक्या दाताचं खोंड त्या हंगामात कशालाच जुंपायचं नाही. ना शर्यतीच्या छकड्याला, ना शेतातल्या कुळवाला. नवे दात वर येईपर्यंत ते मोकळं. गळ्यातलं दावं सोडायचं आणि दिवसभर माळावर फिरू द्यायचं. लहान असताना मला हे फार मजेचं वाटायचं. चैत्रात गावातली सगळी जनावरं कामाला किंवा शर्यतीला, आणि एखादंच लांब पायांचं खोंड उगाच हिंडतंय, कुणाच्याही परड्यात तोंड घालतंय. म्हातारी माणसं त्याला हाकलायची नाहीत. "असू द्या, पडक्या दाताचं हाय," म्हणायची.

या मधल्या वयातली जनावरं बघत बसायला मला अजून आवडतं. आवडतं म्हणजे बघताना जीव टांगणीला लागतो, तरी नजर हलत नाही. कोंबडीची तलंग पहिलं अंडं घालायच्या आधी दोन दिवस नुसती ओरडत फिरते. कपाटामागं जाते, चुलीजवळ जाते, जागा पसंत पडत नाही, आणि शेवटी कुठंतरी चपलेत सुपारीएवढं अंडं घालून स्वतःच त्याच्याकडं तिरकी मान करून बघते. म्हशीची वगार ओढ्यात पाण्यात बसलेल्या मोठ्या म्हशींच्या शेजारी जाऊन बसते आणि रेडकू पोहताना दिसलं की उठून त्याच्यामागं लागते. खोंडाला तर स्वतःच्या खांद्याचा पत्ताच नसतो. दारातून आत येताना चौकटीला धडकतं. काल मावत होतो, आज का मावत नाही, असा चेहरा करून मागं सरकतं.

काजळ्याचा चेहरा मला तसाच आठवतो.

चार वर्षांपूर्वीचं खोंड ते. अण्णानं वाढवलेलं. पांढऱ्यावर राखेची झाक आणि डोळ्यांभोवती काळी रेघ, म्हणून काजळ्या. ते पळायचं म्हणजे बघत राहावं. चैत्रात गावची यात्रा, यात्रेच्या रविवारी शर्यत. अण्णा म्हणायचा, "दत्ता, ह्या साली आदतची ढाल आपल्या घरात येतीया बघ." त्यात एकच अडचण होती. काजळ्याचे मधले दोन दात हलायला लागले होते.

तो महिना आमच्या घरानं एका दातावर काढला. हसू येईल, पण खरं आहे. अण्णानं उसाचं वाडं बंद केलं, कारण ते ओढून खाताना दाताला हिसका बसतो. कडबा विळ्यानं बोटाएवढा बारीक करायचा, पेंड रात्रभर भिजत घालायची. वहिनी वैतागून म्हणाली, "माज्या म्हाताऱ्या सासऱ्याला बी मी असं मऊ करून घातलं न्हवतं." अण्णा रोज सकाळी अंगठा घालून बघायचा आणि मला बेळगावला फोन करायचा. मी परीक्षेच्या ड्युटीवर. व्हरांड्यात येऊन फोन घ्यायचो. "हाय अजून," एवढंच म्हणायचा. आत पोरं पेपर सोडवायची आणि बाहेर मी एका खोंडाचा दात टिकू दे म्हणून देवाचं नाव घ्यायचो.

आता वाटतं, आम्ही सगळे मिळून एका जनावराला मोठं होऊ देत नव्हतो. तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा ती माया वाटत होती.

छकड्याला दोन जनावरं लागतात. काजळ्याची जोड होती शेजारच्या शांताक्काचं खोंड. शांताक्का म्हणजे भिंतीला भिंत लागून घर असलेली, एकटी राहणारी बाई. दारात पाय पसरून सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची, अजून बसते. तिच्या अंगाला, घराला, चहालासुद्धा तंबाखूचा वास. तिच्या गायीचं वासरू आठ दिवसांचं असताना गाय गेली. शांताक्कानं बाटलीनं दूध पाजून ते जगवलं. खाली सांडलेलं खायचं नाही, घमेल्यात घालून समोर धरलं तरच तोंड लावायचं, म्हणून त्याचं नाव तिनं साहेब ठेवलं होतं. "आमचं साहेब अजून उठलं न्हाय," म्हणायची सकाळी. साहेब काजळ्यापेक्षा पाच-सहा महिन्यांनी लहान. दात सगळे दुधाचे, घट्ट. पण दोघं एका गल्लीत वाढलेले, एकमेकांच्या अंगाला अंग घासत चालायचे, म्हणून जोड जमली.

"पळंल न्हवं त्याच्याबरूबर?" तिनं अण्णाला चारदा विचारलं होतं.

"दोघं बी आदतच हायत, आक्का. भितीस कशाला?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी गावात होतो. दोन पेपरांच्या मधे सुट्टी होती. अण्णा छकड्याच्या चाकाला वंगण आणायला निपाणीला गेला होता. मी गव्हाणीतलं राहिलेलं चिपाड काढत होतो आणि बोटाला काहीतरी टणक लागलं. भोपळ्याच्या बीएवढं. खालच्या टोकाला जरासं रक्त.

मी काजळ्याच्या तोंडात अंगठा घातला. मधला एक दात नव्हता. तिथं मऊ, गरम, खोलगट जागा होती. त्यानं माझा अंगठा जिभेनं बाहेर ढकलला. दुखत असणार.

भिंतीपलीकडून शांताक्कानं मान वर केली. "काय घावलं ओ, मास्तर?"

मी मूठ मिटली. "काय न्हाय, आक्का. खडा हाय."

हे शब्द मी ठरवून बोललो नाही. पण त्याच्यापुढचं सगळं ठरवून केलं. अण्णाला सांगितलं नाही. तो रात्री उशिरा आला, दमलेला, खूश. त्यानं रविवारी सकाळी तोंड बघितलं की नाही, मला माहीत नाही. रोज बघणारा माणूस त्याच दिवशी विसरेल असं वाटत नाही. पण त्यानं विचारलं नाही आणि मी बोललो नाही. त्या सकाळी आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी फार गोडीनं वागलो. त्यानं मला दोनदा चहा दिला.

माळावर दात बघायला बापू बसायचे. गावचे जुने पंच, नजर अधू झालेली, पण अंगठ्याला सगळं कळायचं. त्या दिवशी जनावरं पुष्कळ, हलगी वाजतेय, भोंगा ओरडतोय, धूळ. बापूंचा हात सकाळपासून तोंडं बघून थरथरत होता. काजळ्याची पाळी आली तेव्हा त्यांनी मला पाहिलं आणि हात धोतराला पुसत ते खाली बसले.

"मास्तर, तुमच्या घरचंच हाय. तुमीच सांगा. दुधाचं समदं हायत न्हवं?"

खिशात माझ्या बोटांना तो दात लागत होता.

"हायत, बापू."

"मास्तर म्हणाला म्हंजे झालं. लिवा, आदत."

एवढंच. कुणी शंका घेतली नाही, कारण मी शिकलेला, मी पोरांना शिकवणारा, मी विडी-तंबाखूला न शिवणारा. मी का बोललो याचा विचार मी खूप केलाय. अण्णानं स्वतः शाळा सोडून मला शिकवलं, त्याची एक इच्छा माझ्या एका शब्दावर आली होती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. सगळा माळ माझ्या तोंडाकडं बघत होता, हेही मला आवडलं होतं. आपण म्हणू ते वय, असं काहीतरी. नवा दात तर आलेला नाही, मग दुसा कुठं झालाय, असंही मी मनात म्हणालो. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

दात पडायच्या दिवसांत खोंड तापट होतं. हिरडी ठणकत असते, खाणं तुटलेलं असतं, मान सारखी झटकतं. शिवाय खांद्यात नवी ताकद आलेली असते आणि ती कुठं वापरायची ते कळत नसतं. म्हणून तर मोकळं सोडायचा रिवाज. झेंडा पडला आणि काजळ्यानं अशी उडी घेतली की माळावरनं एकदम आवाज उठला. अर्ध्या अंतरापर्यंत आमची गाडी पुढं होती. मग त्यानं मान झटकली आणि डावीकडं ओढ घेतली. साहेबाला ती ओढ सोसली नाही. तो पळत नव्हताच, ओढला जात होता. त्याचे पुढचे पाय दुमडले, जू तिरकं झालं, आणि छकडा त्याला तसाच घेऊन दहा-बारा हात गेला.

हाकणारा गडी उडी मारून वाचला. काजळ्याला खरचटलंसुद्धा नाही. साहेब उठला, पण उजवा पुढचा पाय टेकेना. शांताक्का पदर खोचून माळावरनं पळत आली. ती रडली नाही, ओरडली नाही. त्याच्या मानेखाली हात घालून बसली आणि म्हणत राहिली, "काय न्हाय, काय न्हाय. खडा लागला असंल. माळच असला हाय."

खडा. तिनं तोच शब्द उचलला. मी तिच्यामागं उभा होतो, खिशात हात घालून.

डॉक्टर आले, पाय बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. त्या दिवसापासून साहेब तीन पायांवर भार देऊन चालतो. जुंपायच्या कामाचा तो राहिला नाही. गिऱ्हाईकं आली होती, कसली ते सांगायला नको. शांताक्कानं त्यांना दारातनं परतवलं. काजळ्या त्याच साली अण्णानं विकला. "नजर लागली," म्हणाला.

खरंच त्या एका दातानं झालं का? दात असता तर काजळ्या उधळला नसता असं कोण सांगेल? हा विचार मी रात्रंदिवस केलाय, बसमध्ये, पेपर तपासताना, जेवताना. उत्तर एकच येतं. झालं असतंही कदाचित. पण मग त्यात माझा अंगठा नसता.

साहेब मात्र वाढत राहिला. जनावर थांबत नाही. दर शनिवारी मी शांताक्काच्या दारावरनं जातो आणि तो बसल्या बसल्या माझ्याकडं मान वळवतो. पुढच्या वर्षी त्याचे मधले दात पडले. मग दोन रुंद दात आले. दुसा झाला, बसून. चौसा झाला, बसून. आता तो जुळलाय. तोंडात पुऱ्या वाढलेल्या बैलाचे आठ दात आहेत आणि त्यांनी तो घमेल्यातलं खातो. तो बैल झाला, पण बैलासारखं एक दिवस वागायला त्याला मिळालं नाही.

एका वर्षी कडोलीच्या साहित्य संमेलनात मला लेख वाचायला मिळाला. मी खोंडांवरच वाचला. दारात धडकणारं खोंड, तलंगेचं चपलेतलं अंडं, सगळं होतं त्यात. लोक हसले, टाळ्या पडल्या. एक वयस्कर बाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "किती माया आहे हो तुमच्या लिहिण्यात." त्या रात्री मी जेवलो नाही. त्या लेखात दात नव्हता.

तो दात माझ्या टेबलाच्या खणात होता, एका जुन्या कंपासपेटीत. आमच्याकडं पोरांचा दुधाचा दात पडला की शेणात गुंडाळून कौलावर टाकतात, नवा चांगला यावा म्हणून. या दाताचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. टाकवत नव्हता, बघवत नव्हता.

शाळेत मी तेव्हापासून वयाच्या दाखल्याबाबतीत हट्टी झालोय. कबड्डीच्या सतरा वर्षांखालच्या संघासाठी एका पोराचे वडील परवा आले होते. सभ्य माणूस, ऑफिसात काम करणारा. म्हणाले, "सर, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुम्ही सही केली तर कोण विचारणार?"

"कोणीच विचारणार नाही," मी म्हणालो. "म्हणूनच नको."

ते रागानं गेले. जाताना व्हरांड्यात कुणाला तरी म्हणाले, "सर फारच तत्त्वाचे आहेत." मला ते शिवी दिल्यासारखं लागलं.

गेल्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. मी हॉलबाहेर व्हरांड्यात आलो, चार वर्षांपूर्वी यायचो तसाच.

"दत्ता, नवं खोंड तयार हाय. आदत. ह्या साली शर्यतीला काडतो बघ."

"जोडीला कुणाचं?"

"शांताक्काचं धाकटं. तिनं दोन वर्सामागं आणलेल्या गायीमागनं आलेलं न्हवं का, तेच."

मी कठड्याला टेकलो. "ती दिती म्हणाली?"

"आधी न्हाय म्हणालती. मग म्हणाली, मास्तरनं दोन्हीची तोंडं बघायची. त्यो पळवा म्हणाला तर पळवा." अण्णा हसला. "तुझ्यावर लई इस्वास हाय रं तिचा."

घंटा झाली. पोरं बाहेर पडायला लागली, कालवा सुरू झाला. मी तिथंच उभा. पडक्या दाताचं खोंड जसं उभं राहतं तसा, पुढं जावं की मागं ते न कळून. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी. मला त्या क्षणी वाटलं, माझा तो मधला हंगाम संपलेलाच नाही. काहीतरी पडलंय आणि त्या जागी अजून काही आलेलं नाही.

शनिवारी कंपासपेटी पिशवीत घातली आणि निघालो. निपाणीच्या गाडीत यात्रेची गर्दी. कंडक्टर "मुंदे होग्री, मुंदे" करत सगळ्यांना पुढं लोटत होता. मला पुढं जायचं नव्हतं. निपाणी जवळ आली तसा खिडकीतनं वखारींतल्या तंबाखूचा उग्र वास आत आला. बसमधली दोन-चार माणसं शिंकली. त्या वासानं मला नेहमी शांताक्काचं दारच आठवतं.

ती दारातच होती. मांडीवर सूप, सुपात कात्रीनं कापलेली पानं. मागं साहेब बसलेला. धाकटं खोंड भिंतीच्या खुंट्याला बांधलेलं, लांब पायांचं, कान सारखे हलवत. अण्णा आपलं नवं खोंड धरून गल्लीत उभा होता. मला बघून खूश झाला.

"आला. चल, अंगठा घाल. बापूंना सांगून येतो मग."

मी शांताक्काच्या पायरीवर बसलो.

"आक्का, त्या साली गव्हाणीत मला खडा घावला न्हवता."

तिनं वर बघितलं नाही. बोटं चालूच होती. मी कंपासपेटी उघडून दात तिच्या सुपात, पानांवर ठेवला.

"काजळ्याचा हाय. शनवारी सकाळीच पडलेला. त्यो आदत न्हवता. मला म्हाईत हुतं आणि मी बापूंना खोटं सांगितलं."

तिची बोटं थांबली. अर्धवट वळलेली विडी उलगडून तंबाखू सांडली.

"ह्योच व्हय त्यो खडा?"

"व्हय."

अण्णा पुढं आला. त्याचा आवाज खाली गेलेला. "जुनं उकरून काय मिळालंय रं तुला? चार वर्सं झाली."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याही सकाळी माहीत होतं. त्यानं दोनदा दिलेला चहा मला आठवला.

शांताक्कानं दात दोन बोटांत धरला. उन्हाकडं करून बघितला. मग मान वळवून साहेबाकडं बघितलं. साहेब रवंथ करत होता. मी वाट बघत होतो. तिनं शिव्या द्याव्यात, सूप माझ्या अंगावर फेकावं, रडावं, काहीही. चार वर्षं मी त्या शिव्यांची तयारी केली होती.

तिनं दात माझ्या हातात परत दिला.

"ठेवा तुमच्यापाशी. माझ्या दारात नगं."

मी उठायला लागलो.

"कुठं निघाला? ह्या धाकट्याचं तोंड कोण बघणार?"

"आक्का, माझ्याकडनं बघून घेतीस? आता?"

"मग कुणाकडनं? खोटं बोलल्यावर काय हुतंय, ते ह्या गावात तुमालाच नीट म्हाईत हाय." ती उठली, पदरावरची तंबाखू झाडली. "आणि मोठ्यानं सांगा. मला ऐकू आलं म्हंजे झालं न्हाय. गल्लीला ऐकू गेलं पायजे."

मी खुंट्याजवळ गेलो. खोंडानं आधी मान मागं घेतली, मग माझ्या बाहीचा वास घेतला. मी नाकपुडी धरली आणि अंगठा आत सरकवला. ओलं, ऊन, खरखरीत. खालचा ओठ ओढला. सहा दात दिसले, सातवा दिसला. त्याच्या शेजारी, मधोमध, जागा रिकामी होती. मी अंगठा तिथं ठेवला. मऊ हिरडी, आणि तिच्या खाली, अगदी आत, काहीतरी टणक वर यायच्या वाटेवर.

अण्णा माझ्याकडं बघत होता. हंगाम त्याचा होता, जोड गेली की त्याचंही खोंड घरीच राहणार होतं. हे त्याला आणि मला, दोघांनाही कळत होतं.

"पडलाय," मी म्हणालो.

"मोठ्यानं," शांताक्का म्हणाली.

"पडलाय! पडक्या दाताचं हाय. जुंपायचं न्हाय!"

ओरडताना माझा आवाज फाटला. एक जाडा, एक चिरका. समोरच्या दारातली पोरं हसली.

अण्णा आपलं खोंड वळवून घेऊन गेला. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि हे लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. शांताक्कानं वाकून धाकट्याच्या गळ्यातलं दावं सोडलं. ते लगेच पळालं नाही. खुंट्यापाशीच उभं राहिलं, मग दोन पावलं साहेबाकडं गेलं, त्याला हुंगलं, आणि दाराच्या चौकटीला खांदा घासून गल्लीत बाहेर पडलं.

ती पुन्हा सूप घेऊन बसली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तसाच उभा होतो. अंगठा ओला होता. तो मी पुसला नाही.